कार्टून कोणासाठी?

हलत्या चित्रांची गंमत लहान मुलांना मनापासून आवडते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मांजर उंदरामागे धावू लागले, की रडणारे मूल रडणे विसरते आणि जेवावयास कंटाळणारे मूल दोन घास अधिक जेवते. म्हणूनच मूल कार्टून पाहत आहे असे कळले, की घरातील वडील माणसे निर्धास्त होतात. कार्टून म्हणजे मुलांचा खाऊ, त्यात वावगे ते काय असणार, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत पुष्कळदा खरी ठरते. परंतु नेहमीच नव्हे. ज्यांतील चित्रे बाळबोध, पण विनोद केवळ प्रौढांसाठी रचलेला, अशाही व्यंगचित्रमालिका जगात आहेत. अशी एखादी मालिका मुलांनी पाहण्याजोगी आहे की नाही, हे कसे ठरवावे? चित्राच्या रंगरूपावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते अन्यत्र शोधावे लागते.

व्यंगचित्रपट हा मुळात केवळ मुलांसाठी जन्मास आलेला प्रकार नव्हे. फ्रान्समध्ये एमिल कोल या चित्रकाराने १९०८ साली शेकडो रेखाचित्रांची एकामागून एक छायाचित्रे घेऊन एक छोटा चित्रपट सिद्ध केला. तो चित्रगृहात येणाऱ्या सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी होता. पुढे कित्येक वर्षे असे छोटे व्यंगचित्रपट मुख्य चित्रपटाच्या जोडीने दाखविले जात व लहानथोर सारेच ते पाहत. अमेरिकेत ३० सप्टेंबर १९६० रोजी 'द फ्लिंटस्टोन्स' ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. अश्मयुगातील एका कुटुंबाची ही विनोदी कथा रात्री, मोठी माणसे कामावरून परतून विसावली असता, दाखविली जाई. आरंभीच्या काळात तिच्या पुरस्कर्त्यांत एक सिगारेट कंपनी होती आणि त्या कंपनीच्या जाहिरातींत याच मालिकेतील पात्रे धूम्रपान करताना दिसत. पुढे हीच मालिका मुलांची म्हणून घरोघर ओळखली जाऊ लागली! याउलट, १९७२ साली निघालेल्या 'फ्रिट्झ द कॅट' या चित्रपटाचा नायक एक मांजर होता; तरी अमेरिकेत केवळ प्रौढांसाठी असलेले 'एक्स' हे चिन्ह मिळालेला तो पहिला व्यंगचित्रपट ठरला. तात्पर्य, पडद्यावरचे पात्र मांजर आहे की मनुष्य, यावरून प्रेक्षक कोण हे ठरत नाही.

या गोष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'साउथ पार्क' ही अमेरिकन मालिका होय. ट्रे पार्कर व मॅट स्टोन या दोन तरुणांनी निर्माण केलेली ही मालिका १३ ऑगस्ट १९९७ रोजी सुरू झाली. कोलोरॅडो राज्यातील डोंगराळ भागात बर्फाने वेढलेले एक काल्पनिक गाव आणि त्या गावातील चार शाळकरी मुले, एवढाच तिचा संसार. आरंभी ही मुले तिसरीच्या वर्गात शिकत असतात. मोठी वाटोळी डोकी, लोकरीच्या टोप्या, रंगीत कोट, टिपक्यांसारखे डोळे, अशी त्यांची रूपे आहेत. एखाद्या बालकाने रंगीत कागद कात्रीने कापून ती चिकटविली असावीत, असे पाहणाऱ्यास वाटते. पहिला भाग खरोखरच कागदाचे तुकडे किंचित किंचित सरकवून व प्रत्येक वेळी छायाचित्र घेऊन तयार केला होता. पुढचे भाग संगणकावर होऊ लागले. परंतु कागदी कात्रणांचे ते रूप निर्मात्यांनी हेतुतः कायम राखले.

या निरागस रूपाआड जे संवाद चालतात ते मात्र निरागस नाहीत. त्यांत शिवराळ भाषा आहे, रक्तपात आहे, आणि राजकारण, धर्म व समाजातील ढोंग यांवर कठोर प्रहार आहेत. मालिकेच्या माथ्यावर 'केवळ प्रौढ प्रेक्षकांसाठी' अशा अर्थाची खूण प्रथमपासूनच होती. दुसऱ्या बाजूस, २००६ साली तिला अमेरिकेतील पीबॉडी हा मानाचा पुरस्कारही लाभला. ज्या मालिकेचा विद्वानांनी गौरव केला, ती मुलांना दाखवू नये असे कसे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पण गुणवत्ता आणि योग्यता ही दोन निरनिराळी मापे आहेत. मुरलेले लोणचे कितीही रुचकर असले, तरी ते कोणी तान्ह्या मुलास चाटवीत नाही. आणि त्यात लोणच्याचा अपमानही होत नाही.

प्रौढांचा विनोद मुलांना का मानवत नाही, याचे पहिले कारण उपरोधात आहे. मराठी व्याकरणात व्याजस्तुती नावाचा अलंकार शिकविला जातो. त्यात बाहेरून स्तुती दिसते व आत निंदा असते, किंवा बाहेरून निंदा दिसते व आत स्तुती असते. असा अलंकार समजण्यासाठी शब्दांचा सरळ अर्थ बाजूस सारून बोलणाऱ्याच्या मनातील उलटा अर्थ हेरावा लागतो. ही शक्ती मुलांच्या ठायी जन्मतः नसते. साधारणतः सहा ते आठ वर्षांच्या सुमारास ती अंकुरते आणि पुढे किशोरवयापर्यंत हळूहळू वाढत जाते. 'साउथ पार्क'मध्ये कार्टमन नावाचा एक मुलगा आहे. तो आपमतलबी आहे, परधर्मीयांचा व दुबळ्यांचा द्वेष करतो आणि मित्रांना घालूनपाडून बोलतो. निर्मात्यांना त्याच्या रूपाने द्वेषाचीच टर उडवावयाची आहे. जाणता प्रेक्षक त्या द्वेषाला हसतो. लहान मुलाला मात्र एवढेच दिसते, की हा मुलगा वाईट बोलतो आणि सगळे हसतात. वाईट बोलले की लोक हसतात, हाच धडा ते मूल गिरविण्याचा संभव असतो.

उपरोध उलटा समजण्याचा दोष मुलांपुरताच मर्यादित नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका फार लोकप्रिय होती. ती व्यंगचित्रमालिका नव्हती. तीत नटनट्या कामे करीत. तिच्यातील आर्ची बंकर हा कुटुंबप्रमुख अन्य वंशांच्या लोकांविषयी वाटेल तसे बोले, आणि त्याचा पूर्वग्रह हास्यास्पद ठरावा असा मालिकेचा उद्देश होता. नील विडमार व मिल्टन रोकीच या संशोधकांनी अमेरिकेतील किशोरवयीन विद्यार्थी व कॅनडातील प्रौढ यांची पाहणी करून १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते, त्यांचा ओढा आर्चीकडे अधिक होता. थट्टा ज्याची केली होती, तोच त्यांना आपला माणूस वाटला! थोरांचीही अशी गफलत होते, तर सहा-सात वर्षांच्या बालकाकडून उपरोधाच्या अचूक आकलनाची अपेक्षा कोणी करावी?

दुसरे कारण अनुकरणाचे. मूल ऐकून शिकते त्याहून अधिक पाहून शिकते. आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केले. त्यांपैकी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांना, मांजराचे सोंग घेतलेले एक पात्र फुगीर बाहुलीला बदडत आहे, असे चित्रण कार्टूनच्या थाटात दाखविले. असे काही न पाहिलेल्या मुलांच्या मानाने, ही मुले पुढे खेळताना अधिक आक्रमक वागली. बाहुलीला मारणारे मूल माणसालाही मारील, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि, सोंग घेतलेल्या पात्राचेही अनुकरण होते एवढे निश्चित दिसते. 'साउथ पार्क'च्या आरंभीच्या वर्षांत केनी नावाचा मुलगा बहुतेक प्रत्येक भागात भयंकर रीतीने मरे आणि पुढच्या भागात काही घडलेच नाही असा परत येई. मृत्यू म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही अतिशयोक्ती हसविते. ज्याला ते अजून उमगले नाही, त्याच्या मनात ती भीती तरी निर्माण करते किंवा बेफिकिरी तरी.

पालकांना निवड करणे सुलभ व्हावे म्हणून निरनिराळ्या देशांत वयाच्या खुणा ठरविल्या गेल्या आहेत. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांवर अशा खुणा १९९७ सालापासून येऊ लागल्या. त्याच वर्षी, कार्यक्रमात हिंसा आहे, अभद्र भाषा आहे की अन्य काही, हे दर्शविणारी अक्षरेही त्यांना जोडण्यात आली. भारतात चित्रपटांसाठी १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे व प्रमाणपत्रे देणाऱ्या केंद्रीय मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए' हे मुख्य वर्ग होते. १९८३ साली त्यांत पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावयाच्या 'यूए' वर्गाची भर पडली, आणि २०२३ सालच्या दुरुस्तीने त्या वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन भाग पाडले. इंटरनेटवरून घरोघर येणाऱ्या मालिकांसाठी २०२१ साली असेच वर्ग नियमांनी ठरविले गेले. मात्र तेथे वर्ग ठरविण्याचे काम मंडळ करीत नाही. ते प्रसारण करणारी संस्था स्वतःच करते. तेरा वर्षे व त्यावरील वर्गांच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय त्या संस्थेने द्यावयाची असते. ते कुलूप लावावयाचे की नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती असते.

वयाची खूण वाटाड्याचे काम करते, पण वाट चालावी लागते ती पालकांनाच. तेरा वर्षांची दोन मुले एकसारखी नसतात. एक मूल भयकथा वाचून स्वस्थ झोपते, तर दुसरे रात्रभर कूस बदलत राहते. यास्तव खूण पाहिल्यावर वडील माणसाने त्या मालिकेचे दोन-तीन भाग स्वतः आधी संपूर्ण पाहावेत आणि मनाशी काही प्रश्न विचारावेत. या मालिकेत हसे कोणाचे होते? बलवानाच्या गर्वाचे, की दुबळ्याच्या व्यंगाचे? दुष्कृत्य करणाऱ्यास त्याचे फळ मिळते काय? जे घडते ते कोणी समजावून न देता या मुलाला कळेल काय? आणि उद्या शाळेच्या पटांगणात ते मूल यातील कोणते शब्द बरोबर नेईल?

हे प्रश्न निरनिराळ्या मालिकांना लावले, की निरनिराळी उत्तरे मिळतात. 'द सिम्पसन्स' ही मॅट ग्रेनिंग यांची मालिका १७ डिसेंबर १९८९ पासून अमेरिकेत स्वतंत्रपणे दिसू लागली. तिच्यातील दहा वर्षांचा बार्ट हा उनाड मुलगा इतका गाजला, की अभ्यासातील मागासलेपणाचा अभिमान मिरविणारे त्याचे सदरे घालून येण्यास १९९० साली तेथील काही शाळांनी मनाई केली. १९९२ साली अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही, अमेरिकन कुटुंबांनी सिम्पसन कुटुंबासारखे होऊ नये, असा अभिप्राय जाहीरपणे दिला. परंतु नीट पाहिले असता त्या कुटुंबात भांडणांइतकाच लळाही आढळतो, आणि बार्टची बहीण लिसा ही अभ्यासू व न्यायी मुलगी आहे. तिचे सर्व भाग एकाच वयाला साजेसे नाहीत. वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळ्या खुणा असतात. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने वडील माणसांसोबत तिचे निवडक भाग पाहण्यास हरकत नाही; सहा वर्षांच्या बालकासाठी मात्र ती नव्हे. 'साउथ पार्क'विषयी निर्णय याहून सोपा आहे: ती वयात आल्यावर पाहावयाची गोष्ट आहे.

नुसत्या मनाईने मात्र हे काम पुरे होत नाही. बंद केलेल्या दाराविषयी मुलांना अधिकच कुतूहल वाटते. शिवाय पूर्ण मालिका बंद असली, तरी तिचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे मोबाइलवर हिंडत असतात. अशा तुकड्यात शिवी राहते आणि ती शिवी ज्या ढोंगावर रोखलेली होती, तो संदर्भ गळून पडतो. याकरिता 'हे पाहू नकोस' या वाक्याला 'का' याचे उत्तर जोडले पाहिजे. हे मोठ्यांसाठी का आहे, त्यात कोणाची थट्टा आहे, ती थट्टा ज्याची होते त्याला काय वाटत असेल, हे शांतपणे सांगितलेले मुलांना समजते. या कामात घरातील शाळकरी मुलांचाही वाटा आहे. धाकट्या भावंडांच्या हाती मोबाइल पुष्कळदा तीच देतात, आणि ताई किंवा दादा कशाला हसतो, हे धाकट्यांचे डोळे टिपत असतात. ज्याला हसावयाचे ते हसण्याजोगे आहे काय, एवढा विचार करण्याची सवय ज्या घरात लागते, तेथील मुले मोठेपणी कठोर विनोदही जाणतेपणाने पाहू शकतात, आणि दुसऱ्याच्या दुःखावर हसण्याची वेळ येते तेव्हा त्यांचे हसू आपोआप ओठांवरच थांबते.