सलाईन म्हणजे जेवण नव्हे

अलोरे-पोफळीच्या परिसरात कुणाला अर्धांगवायू झाला, गिळता येईनासं झालं, की चिपळूणला किंवा डेरवणला नेईपर्यंत नातेवाइकांची मागणी ठरलेली: "सलाईन लावा डॉक्टर, जरा ताकद येईल."

ती येत नाही. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत शंभरही कॅलरी नसतात. ५० किलोच्या माणसाला अंथरुणावर पडूनही रोज साधारण १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५०-६० ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पंधरा बाटल्या, साडेसात लिटर पाणी, आणि प्रथिनांचा कण नाही!

"शिरेतून पूर्ण आहार देतात ना?" देतात, पण ते द्रव वेगळं, मोठ्या शिरेतून जाणारं, महाग आणि जंतुसंसर्गाचा धोका असलेलं. आतडी बंद पडली असतील तरच ते. आतडी चालू असतील तर नाकातून जठरात जाणारी नळी बरी.

नाकातली नळी म्हणजे माणूस संपला, हाही समज पक्का. अर्धांगवायूच्या बऱ्याच रुग्णांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं आणि नळी निघते. चार-सहा आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवतात. १९८० पासून हे दुर्बिणीने, पोट न फाडता होतं. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात मात्र नळीने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. तिथे चमच्याने, जमेल तेवढं भरवणंच योग्य.

आणि नळीतून काय? घरोघरी पेज गाळून देतात. चाळणीवर राहतो तो आहार, खाली येतं ते बहुतेक पाणी. डाळ, नाचणी, दूध, तेल यांचं माप आहारतज्ज्ञाकडून घ्यावं, मिक्सरमधून बारीक करावं, ताजं द्यावं. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर देऊ नये. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जिवावर बेततं.

नळी असली तरी ठसका लागू शकतो. पाठ ३० ते ४५ अंश उंच हवी, आहारानंतरही तासभर. नळीवरची नाकाजवळची खूण सरकली असेल तर काही ओतू नये, डॉक्टरांना फोन करावा. रात्र असली तर एक वेळचा आहार चुकलेला चालतो, फुप्फुसात गेलेली पेज चालत नाही. रुग्ण इन्सुलिनवर असेल तर मात्र सकाळपर्यंत थांबू नये.