शिवसागर आणि सोळा लाख हृदयं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोफळीच्या डोंगरात कोरलेल्या वीजघरात कोयनेचं पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. ते येतं 105 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) शिवसागर जलाशयातून. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला 5 लिटर, म्हणजे वर्षाला 26 लाख लिटर रक्त महाधमनीत ढकलतं. एकट्या हृदयाला शिवसागर उपसायला 11 लाख वर्षं लागतील. पण 2011च्या जनगणनेतल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या 16 लाख 15 हजार माणसांची हृदयं याच हिशेबाने जुंपली, तर साडेआठ महिन्यांत तळ दिसेल! म्हणजे वर्षाला 150 टीएमसी. कोयनेचं पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायची कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे वर्षाला 67.5.

वीजघर अचानक थांबलं तर पाण्याचा उलटा दणका झेलायला डोंगरात उल्लोळ विहीर आहे. शरीरात ते काम महाधमनी स्वतःच करते. दर ठोक्याला फुगते, आवळते, दिवसातून 1 लाख वेळा. तिला ही लवचीकता देणारं इलास्टिन बहुतांश लहानपणीच तयार होतं. पुढे जवळजवळ नवं बनत नाही. हृदयाला चिकटलेलं महाधमनीचं मूळ साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद असतं. ते पसरलं की भिंतीवरचा ताण व्यासाच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंत मात्र पातळ होत जाते. म्हणून साडेपाच सेंटिमीटरला शस्त्रक्रिया सुचवतात. मार्फान सिंड्रोम हा ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक विकार असेल तर पाचलाच. सगळा खेळ दोन सेंटिमीटरचा आहे.

लंडनचे शल्यचिकित्सक बेंटॉल आणि डी बोनो यांनी 1968मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे: हृदय थांबवायचं, मूळ आणि झडप काढून झडपेसकट कृत्रिम नळी बसवायची, हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांची तोंडं तिला पुन्हा शिवायची. वेळेवर, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत अनुभवी केंद्रांत शंभरातले 97-98 रुग्ण घरी परततात. रक्तस्राव, पक्षाघात, पेसमेकर लागणं, नळीला जंतुसंसर्ग हे धोके असतातच. धातूची झडप असेल तर रक्त पातळ करणारी गोळी आणि रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी आयएनआर तपासणी जन्मभर. टोरंटोच्या टायरोन डेव्हिड यांची स्वतःची झडप राखणारी पद्धत ही गोळी टाळू शकते. मला ती या क्षेत्रातली सर्वांत सुंदर प्रगती वाटते.

महाधमनीची भिंत आतून फाटली, की आकडे क्रूर होतात. उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, असा वैद्यकातला जुना हिशेब आहे. तातडीची शस्त्रक्रिया होऊनही शंभरातले पंधरा-वीस जातात. पोफळीहून कुंभार्ली घाट चढून पुणं गाठायचं, तर चार-पाच तास वाटेतच मोडतात.

महाधमनीची तीन पाकळ्यांऐवजी दोनच असलेली झडप शंभरातल्या साधारण एकाला जन्मतः असते, आणि अशांचं मूळ पसरण्याची शक्यता जास्त. या प्रमाणाने जिल्ह्यात अशी 16 हजार माणसं असतील. त्यांना शोधणारी टू-डी इको तपासणी अर्ध्या तासाची आहे. सुई नाही, भूल नाही. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल, कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी ती करून घ्यावी.