मीटरला आता वेळही कळते!

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. विरार लोकलमधून उतरलेली माणसं रिक्षानं, बसनं चंदनसारला घरी पोचताहेत. घराघरांत खटाखट बटणं दाबली जातात. दिवा, पंखा, टीव्ही, मिक्सर! लिफ्ट वरखाली धावतेय, टाकीत पाणी चढवणारा पंप घुमतोय. आता सांगा बरं, ही एवढी वीज कुठे भरून ठेवलेली असते?

कुठेच नाही! थोडीफार वीज बॅटऱ्यांमध्ये साठवता येते, पण आपल्या घरी येणारी बहुतेक वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. तुम्ही पंखा लावलात की त्याचा भार दूरच्या वीजकेंद्रांत फिरणाऱ्या जनित्रांवर पडतो. कोयना, चंद्रपूर आणि १९६९ पासून अणुऊर्जेवर वीज बनवणारं, आपल्याच पालघर जिल्ह्यातलं तारापूर, ही सगळी केंद्रं एकाच जाळ्यात जोडलेली आहेत. भार वाढला की जनित्रं किंचित मंदावतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. हा आकडा खाली घसरू लागला की ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातले अभियंते लगेच हालचाल करतात. कोयनेची पाण्यावर चालणारी जनित्रं काही मिनिटांत सुरू होतात. थंड पडलेलं कोळशाचं केंद्र पेटायला मात्र कित्येक तास लागतात. मला तर या अभियंत्यांचं फार कौतुक वाटतं. आपण जेवायला बसतो तेव्हाच त्यांची खरी धावपळ सुरू असते.

म्हणजे आपण किती वीज वापरली याबरोबरच ती केव्हा वापरली हेही कळायला हवं. पण मीटरला हे कळायला शंभर वर्षं लागली!

एडिसनच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये काटा नव्हता की चकती नव्हती. बरणीतल्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. घरात येणाऱ्या विजेचा छोटासा हिस्सा त्यातून जाई आणि एका पट्टीवरचं जस्त हळूहळू दुसरीवर जाऊन बसे. ठरावीक दिवसांनी माणूस येई, पट्ट्या घेऊन जाई आणि चक्क तराजूत तोले. वजनावरून बिल! पुढे १८८९ मध्ये हंगेरीच्या ऑटो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीच्या मीटरचं पेटंट घेतलं. काचेमागे गरगर फिरणारी ती चकती तुमच्या आजीआजोबांनी नक्की पाहिली असेल. वापर जास्त, तर चकतीचा वेग जास्त. पण महिन्याच्या शेवटी हाती येई फक्त एक आकडा. त्यातले किती युनिट दुपारचे आणि किती रात्रीचे, ते कोण सांगणार?

स्मार्ट मीटर हेच सांगतो. तो दिवसभर रोजनिशी लिहितो. दर अर्ध्या तासाला एक नोंद धरली तर दिवसाच्या ४८ नोंदी होतात. मोबाइलसारखं सिमकार्ड वापरून किंवा रेडिओलहरींनी शेजारच्या मीटरकडून पुढच्या मीटरकडे निरोप देत या नोंदी वीज कंपनीच्या संगणकाकडे पोचतात. इटलीनं २००१ पासून काही वर्षांतच असे सुमारे ३ कोटी मीटर बसवले. भारताचं उद्दिष्ट आहे २५ कोटींचं! चंदनसारला वीज पुरवणारी महावितरण कंपनीही राज्यभर ते बसवते आहे. त्यांना टीओडी मीटर म्हणतात, म्हणजे वेळेनुसार दर लावू शकणारे. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या प्रत्येक युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. दिवसाच का? सूर्य तेव्हा कामावर असतो ना! सौरवीज तेव्हा भरपूर मिळते. कपडे धुण्याचं मशीन रात्रीऐवजी दुपारी लावलं तर घराचे पैसे वाचतात आणि संध्याकाळचा भारही हलका होतो.

मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. पावसाळ्यात वीज गेली की मीटरही बंद पडणार, मग निरोप कोण देणार? पण अनेक स्मार्ट मीटरमध्ये थोडी वीज धरून ठेवणारा एक इवलासा भाग असतो. तेवढ्या बळावर मीटर बंद पडता पडता शेवटचा निरोप धाडतो: 'इथली वीज गेली!' एका भागातल्या सगळ्या मीटरांचे असे निरोप आले, तर बिघाड कुठे असेल याचा अंदाज कुणी फोन करायच्या आधीच बांधता येतो.

या मीटरबद्दल लोकांच्या मनात शंकाही आहेत. बिल वाढेल का? आधी पैसे भरावे लागतील का? महाराष्ट्रात यावर बराच विरोध झाला आणि २०२४ मध्ये सरकारनं सांगितलं, की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही. शंका विचारणं योग्यच आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या नियमांत एक छान गोष्ट आली: रीडिंगबद्दल तक्रार असेल तर कंपनीनं पाच दिवसांत पडताळणीसाठी आणखी एक मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. शास्त्रज्ञ हेच तर करतात! आणखी एक काळजी: घर केव्हा झोपतं, केव्हा रिकामं असतं, हेही या नोंदींवरून ओळखता येतं. म्हणून त्या कडीकुलपात राहायलाच हव्यात.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. मोठ्या माणसाला घेऊन मीटरसमोर उभे राहा. हात अजिबात लावायचा नाही, फक्त बघायचं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. शेजारी इंग्रजीत आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरात ७५ वॅटचे फक्त दोन पंखे चालू असतील तर मिनिटाला ८ वेळा लुकलुक दिसेल. फ्रिज बंद करता येत नसेल तर आधी पंखे बंद ठेवून त्याची लुकलुक मोजा आणि मग वजा करा. त्यानंतर घरच्यांना २००० वॅटचा गीझर लावायला सांगा. आता मिनिटाला शंभराच्या वर! मोजताना बोटं पुरणार नाहीत, वही-पेन्सिल घेऊन जा.