पिवळ्या टी-शर्टवरचा माणूस

ईदच्या खरेदीसाठी आम्ही भाच्याला घेऊन कॅम्पात गेलो होतो. तेरा वर्षांच्या त्या पोराने कुर्ता बाजूला सारून काळ्या पट्ट्यांचा पिवळा टी-शर्ट उचलला. छातीवर ब्रूस ली. "मामू, हा कोण ठाऊक आहे का?" असे उलट त्यानेच आम्हाला विचारले.

ठाऊक नसायला काय झाले? ऐंशीच्या दशकात भवानी पेठेतल्या आमच्या वाड्यात भाड्याचा व्हीसीआर आला की 'एंटर द ड्रॅगन' हमखास लागायचा. इंग्रजी कोणालाच कळत नसे, तरी दादीपासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांना गोष्ट समजायची. दुसऱ्या दिवशी झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे सायकलच्या चेनने जोडून नानचाकू तयार! तो फिरवताना आमच्याच कोपरावर बसला आणि अम्मीने हळद लावता लावता वर दोन धपाटेही दिले.

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि बालपण हाँगकाँगमध्ये गेले. वडील चिनी संगीत नाटकातले नट होते, त्यामुळे कॅमेऱ्याची ओळख लहानपणीच झाली. किशोरवयात त्याने इप मान या उस्तादांकडे विंग चुन ही विद्या घेतली. १९५९ मध्ये तो अमेरिकेला गेला, सिएटलमध्ये शिकला आणि शिकवूही लागला. हॉलिवूडने मात्र त्याला दुय्यम भूमिकांपुढे जाऊ दिले नाही. १९७२ साली 'कुंग फू' ही दूरदर्शन मालिका आली, तेव्हा तिच्यातल्या चिनी वंशाच्या नायकाची भूमिकाही एका गोऱ्या नटाला मिळाली होती.

१९७० मध्ये वजन उचलताना त्याच्या पाठीला जबर दुखापत झाली. पुन्हा लाथ मारता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. अंथरुणावरच्या त्या महिन्यांत तो वाचत आणि लिहीत राहिला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 'द बिग बॉस' आला आणि तिथून तो थांबला नाही. 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये शांघायच्या बागेबाहेर 'कुत्रे आणि चिनी लोकांना प्रवेश नाही' अशी पाटी असते. ती तो एका लाथेत फोडतो. गोऱ्या साहेबांचे क्लब ज्यांच्या आजोबांनी बाहेरूनच पाहिले, त्यांना हे दृश्य भाषांतर करून सांगावे लागत नाही. २० जुलै १९७३ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी तो वारला. 'एंटर द ड्रॅगन'चे यश त्याने पाहिलेच नाही.

भाच्याचा पिवळा पोशाख 'गेम ऑफ डेथ' या त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटातला आहे. त्यात त्याच्यासमोर सात फूट दोन इंच उंचीचा एक माणूस उभा ठाकतो. तो करीम अब्दुल-जब्बार. लॉस एंजेलिसमध्ये विद्यापीठात असताना तो ब्रूस लीकडे शिकायला येऊ लागला. तेव्हा त्याचे नाव ल्यू अल्सिंडर होते. १९६८ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९७१ मध्ये नवे नाव जाहीरपणे धारण केले. बास्केटबॉलच्या एनबीए स्पर्धेत त्याने ३८,३८७ गुण मिळवले. १९८४ मध्ये त्याच्या नावावर गेलेला सर्वाधिक गुणांचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला. पडद्यावर जिवाच्या आकांताने लढणारे हे दोघे प्रत्यक्षात उस्ताद-शागीर्द आणि जिवलग मित्र होते.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगितली. बोस्नियातले मोस्तार शहर युद्धाने दुभंगले होते. एकीकडे मुसलमान, दुसरीकडे क्रोएट. दोन्ही बाजूंना आपला वाटेल असा माणूस तिथल्या तरुणांनी शोधला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रूस लीचा पुतळा उभारला. काही तासांतच कोणीतरी त्याची मोडतोड केली. पण पुतळा दुरुस्त होऊन पुढे परत आला.

आता बहिणीचा प्रश्न. पोरगा कराटेच्या क्लासला जायचे म्हणतो, त्याची धाकटी बहीणही मागे लागली आहे. "मारामारी शिकून काय करायचंय?" असे बहीण विचारते. आम्ही म्हणालो, दोघांनाही पाठव. पण आधी एक दिवस स्वतः जाऊन बस. मूल पडले की उस्ताद हात देतात की हसतात, ते पाहा. मुलींचा सराव नीट घेतात का, ते पाहा. राग आलेल्या पोराला ते आधी थांबायला शिकवत असतील, तर फी भरून मोकळी हो. कुस्तीत समोरच्याला लोळवणारा नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा खरा बलवान, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तिचा सराव तेवढा राहून जातो.

बहीण काही बोलली नाही. मात्र गेल्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन ती स्वतः क्लास पाहून आली. टी-शर्ट आम्हीच घेऊन दिला. ईदगाहला मात्र भाचा कुर्ता घालूनच आला.