चित्राने नुसते दिसावे, की उत्तरही द्यावे?

गिरणाकाठच्या भडगावात व्यापार हा पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोरचा व्यवहार राहिला आहे. कापड हाताला लावून पाहावे, धान्य ओंजळीत घेऊन पारखावे, मगच भावाचे बोलावे, ही इथल्या गिऱ्हाइकाची रीत. परंतु जी वस्तू दुकानात मांडून दाखवताच येत नाही, तिचे काय करावे? ठिबक सिंचनाचा संच हे याचे ठळक उदाहरण. नळीचे वेटोळे दाखवता येते. ते अंथरल्यावर शेत कसे दिसेल, हे दाखवता येत नाही. म्हणून व्यापारी घरांतील नवी पिढी संगणकावरील हलत्या चित्रांकडे वळते, आणि घरात चर्चा सुरू होते ती यंत्राच्या किमतीची. वास्तविक पहिला प्रश्न निराळा असावयास हवा. या चित्राने नुसते दिसायचे आहे, की गिऱ्हाइकाने विचारल्यावर उत्तरही द्यायचे आहे?

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभराहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने कॅमेऱ्यात टिपली. पडद्यावर ती सारी वाढ अल्पावधीत घडताना दिसे. हे दृश्य दाखवून त्यांनी चित्रपटासाठी भांडवल मिळवले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. व्यापाऱ्याच्या भाषेत तो अंकुर म्हणजे सावकारापुढे केलेले सादरीकरणच होते. मात्र पाहणाऱ्याने ‘पाणी कमी घातले असते तर?’ असे विचारले असते, तर त्या फितीपाशी उत्तर नव्हते.

आजही हाच भेद कायम आहे. आधी तयार केलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ चित्रे धरली, तर दोन मिनिटांसाठी २,८८० चित्रे लागतात. एकेक चित्र घडवायला संगणकाने एक मिनिट घेतला, तरी ४८ तासांत काम पुरे होते. तेवढी सवड असल्यास साधे यंत्रही चालते. याउलट सजीव, म्हणजे ‘रिअल टाइम’ सादरीकरणात चित्र त्याच क्षणी घडते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग येतो. महागड्या यंत्राची गरज उद्भवते ती येथे.

जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ २५ मार्च २०१२ रोजी खुले झाले. तेथील संग्रहालयात चित्रफिती आहेत, तसेच स्पर्शाला प्रतिसाद देणारे पडदेही आहेत. जेथे कथा सांगायची तेथे चित्रफीत, आणि जेथे पाहणाऱ्याने स्वतः शोध घ्यायचा तेथे स्पर्शपडदा, अशी ही विभागणी दुकानालाही उपयोगी पडते.

केळीच्या एका एकराचे चित्र घेऊ. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर एकरात सुमारे १,८०० रोपे बसतात. शेतकऱ्याने अंतर १.८ बाय १.५ मीटर करायला सांगितले, की रोपे सुमारे १,५०० होतात. नळ्यांची लांबी आणि खर्चही बदलतो. हा बदल त्याच्या डोळ्यांसमोर घडला, तर सौद्यात विश्वास येतो. अशा वेळी सजीव सादरीकरणावरचा खर्च सार्थ ठरतो. केवळ वार्षिक विक्रीचा आलेख हलता दाखवायचा असेल, तर पॉवरपॉइंट अथवा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस इम्प्रेस पुरेसे आहे.

सजीव चित्रासाठी आधी सॉफ्टवेअर ठरवावे, नंतर यंत्र. रोपे, नळ्या, पंप यांच्या आकृती घडवण्यास ब्लेंडर विनामूल्य उपलब्ध आहे. २०१९ मधील त्याच्या २.८० आवृत्तीपासून ‘ईव्ही’ ही झटपट चित्र उमटवणारी सोय मिळाली. प्रश्नाला उत्तर देणारा भाग गोडो, युनिटी किंवा अनरिअल यांत बांधता येतो. पैकी गोडो पूर्णतः मुक्त आहे. इतर दोघांच्या परवान्याच्या अटी उत्पन्नाशी जोडलेल्या असल्याने खरेदीपूर्वी वाचाव्यात. अचौर्याचा संस्कार जपणाऱ्या घराने चोरीची प्रत वापरण्याचे कारणच उरत नाही.

एक परीक्षा मात्र मराठी दुकानदाराने स्वतः घ्यावी. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ठिबक’ आणि ‘क्षेत्र’ हे दोन शब्द टाइप करावेत. पहिल्यातील वेलांटी ‘ठ’च्या पुढे सरकली किंवा दुसऱ्यातील जोडाक्षरे सुटी पडली, तर ते देवनागरीसाठी सिद्ध नाही. गोडोमध्ये अशा लिप्यांची नीट सोय २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून झाली. फलकावरचे नाव चुकलेले दुकान गिऱ्हाइकाला खटकते, तसेच पडद्यावरचे अशुद्ध अक्षरही खटकते.

यंत्रात सर्वाधिक पैसा स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर घालावा. आठ जीबी स्मृतीचे कार्ड अशा कामाची चांगली सुरुवात ठरते. सोबत १६ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. फोर-के पडद्याचा मोह आवरावा, कारण त्यावर फुल एचडीच्या चौपट बिंदू रंगवावे लागतात आणि कार्डावरचा भार त्या प्रमाणात वाढतो. दुकानातल्या मोजक्या मंडळींना फुल एचडी पुरते.

खानदेशाचा उन्हाळा हा येथला खरा परीक्षक. यंत्र तापले, की ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि चित्र अडखळू लागते. लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे वीज गेल्यावरही हाच अनुभव येतो. यास्तव चांगल्या यूपीएसची किंमत अंदाजपत्रकात आरंभीच धरावी. एका जागी राहणाऱ्या कामासाठी हवा खेळती राहील असा डेस्कटॉपच बरा.

पूर्ण रक्कम चुकती करण्याआधी आपले स्वतःचे चित्र, त्यातील सर्व १,८०० रोपांसह, त्या यंत्रावर सलग तासभर चालवून पाहावे. चित्र शेवटपर्यंत न अडखळता चालले, तरच सौदा पक्का करावा. धान्य ओंजळीत घेऊन पारखणाऱ्या बाजारपेठेला ही रीत नव्याने शिकवावी लागणार नाही.