वायफाय मंद, पण दोष नेमका कुठे?

वायफाय रेंगाळले की राग इंटरनेट कंपनीवर निघतो, पण अडथळा अनेकदा घरातच असतो. तो शोधण्याची पहिली पायरी म्हणजे लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजणे. केबलवर पूर्ण वेग मिळाला, तर बाहेरची लाइन ठीक आहे. मोठा प्लॅन असूनही आकडा ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल, तर खराब केबल किंवा १०० एमबीपीएसचे पोर्ट हे कारण असू शकते. हे फारच सहज नजरेतून सुटते.

त्यानंतर राउटरची जागा. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला उत्तम राउटरही निष्प्रभ ठरतो, कारण धातू, सळयांचे काँक्रीट आणि पाणी रेडिओलहरी अडवतात. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळी जागा सर्वांत चांगली.

मग वायफायचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात, पण सोसायटीत या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यांतला कमी गर्दीचा निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, मात्र दोन-तीन भिंतींतच क्षीण होतो. राउटरच्याच खोलीतल्या टीव्ही-लॅपटॉपसाठी तोच वापरावा.

लांबच्या खोलीसाठी घेतलेला एकाच पट्ट्यावरचा स्वस्त रिपीटर वेग जवळजवळ निम्मा करतो, कारण तीच माहिती हवेतून दोनदा जाते. तिथे केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट कितीतरी सरस.