दीड चमचा साखर की ३७ टक्के? दोन्ही आकडे खरेच!

एप्रिल २०२३ मध्ये एका इन्फ्लुएन्सरने बोर्नव्हिटामध्ये भरपूर साखर असल्याचं सांगणारा व्हिडिओ टाकला. तो तुफान व्हायरल झाला. कंपनीने हे दावे अशास्त्रीय असल्याचं म्हणत कायदेशीर नोटीस पाठवली आणि व्हिडिओ हटवला गेला. अशा वेळी सामान्य ग्राहकाने नेमका कोणावर विश्वास ठेवायचा?

आकडा एक, मांडणी वेगळी

कंपनीचं म्हणणं होतं की, २० ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये वरून घातलेली साखर ७.५ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चमचा असते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण २० ग्रॅममध्ये ७.५ ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅममध्ये ३७.५ ग्रॅम. थोडक्यात, पावडरचा एक तृतीयांशाहून जास्त भाग साखर! मूल दिवसातून दोन कप पीत असेल तर १५ ग्रॅम साखर यातूनच पोटात जाते. दुधात वेगळी साखर घातली तर ती आणखी वेगळी.

म्हणजे आकडा खोटा नव्हता, तो फक्त लहान दिसेल असा मांडला होता. हेच उलट्या बाजूनेही होतं. व्ह्यूज हवे असलेला रीलमधला माणूस सर्वांत भीतीदायक दिसणारा आकडा निवडू शकतो.

पुढे काय झालं?

डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने साखरेचं प्रमाण कमी केलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं. कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही!

मग तपासायचं कसं?

• मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर सावध व्हा. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप हीसुद्धा साखरेचीच रूपं आहेत.

• तुलना १०० ग्रॅमवर करा. प्रत्येक कंपनीचं सर्व्हिंग वेगळं असतं.

• एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर म्हणजे आरोग्याचं प्रमाणपत्र नव्हे. तो व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक असतो.

• रील करणाऱ्याचा फायदा बघा. पैसे घेऊन केलेली जाहिरात तशी स्पष्ट सांगणं इन्फ्लुएन्सरवर बंधनकारक आहे. एका ब्रँडला नावं ठेवून लगेच दुसऱ्याचा डिस्काउंट कोड दिला जात असेल, तर तो सल्ला कमी आणि विक्री जास्त आहे.

जाहिरातीत फसवणूक झाली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि फॅमिली ग्रुपवर एखादं रील पुढे पाठवण्याआधी घरातली बरणी फिरवून मागचं लेबल एकदा वाचाच. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.